इंग्रजी लेखनाचा तास : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

आठवी ते दहावीच्या इंग्रजी लेखनाविषयी आलेली बहुतेक पत्रे मराठी माध्यमाच्या शाळांतली आहेत, म्हणजे जिथे इंग्रजी तृतीय भाषा आहे. सारखे प्रश्न एकत्र करून या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : नववीत ५८ मुले आहेत. टाचणात मी उद्दिष्ट लिहिते, 'विद्यार्थ्यांत इंग्रजी लेखनाची आवड निर्माण होईल', 'पत्रलेखनाचे कौशल्य विकसित होईल'. टाचणावर सही होते, पाठ होतात, पण वर्ष संपताना निम्म्या मुलांना स्वतःची पाच वाक्ये लिहिता येत नाहीत. उद्दिष्ट कसे लिहावे आणि त्यावर लेखनाचा प्रकल्प कसा बसवावा?
— शिक्षिका, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : मॅडम, उद्दिष्टाला एकच कसोटी लावा. शेजारच्या वर्गातल्या सरांच्या हाती मुलाची वही दिली, तर तुम्हाला न विचारता त्यांना 'जमले' की 'नाही जमले' हे सांगता येईल का? 'आवड निर्माण होईल' या उद्दिष्टावर त्यांना काहीच सांगता येणार नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा :

'विद्यार्थी ओडिशातल्या नववीच्या मुलाला आपल्या गावाची ओळख करून देणारे ८० ते १०० शब्दांचे पत्र वर्गात २५ मिनिटांत लिहील. त्या मुलाला माहीत नसलेल्या निदान दोन गोष्टी त्यात समजावून सांगितलेल्या असतील. रोजच्या कामांची वाक्ये साध्या वर्तमानकाळात असतील आणि ही, शी, इटच्या क्रियापदाचा एस तीनपेक्षा जास्त ठिकाणी सुटलेला नसेल.'

यात मजकुराचे एक, मांडणीचे एक आणि भाषेचे एक अशी तीन मापे आहेत. चौथे घालू नका. हेच उद्दिष्ट सोप्या मराठीत फळ्याच्या कोपऱ्यात प्रकल्प संपेपर्यंत राहू द्या. आपल्याला कशाचे गुण मिळणार हे मुलांना लिहायच्या आधी कळले पाहिजे.

ओडिशाच का, असे कोणी विचारील. आपल्याकडे इंग्रजी पत्राचा सराव एस.टी.च्या आगार व्यवस्थापकाला किंवा सरपंचाला पत्र लिहून घेतला जातो. आगाराचा कारभार मराठीत चालतो. आपल्या गावच्या बसबद्दल तिथे इंग्रजीत लिहिण्याचे काहीच कारण नाही, आणि हे मुलांना आपल्याआधी कळते. म्हणून ती पत्रे गाईडमधून उतरतात. खऱ्या प्रकल्पाला असा वाचक लागतो, ज्याला मराठी येतच नाही. राज्यांच्या जोड्या लावणाऱ्या केंद्राच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' कार्यक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे, त्यामुळे तिथल्या एखाद्या शाळेशी संपर्क साधायला मुख्याध्यापकांना सरकारी निमित्तही मिळते. ते जमले नाही, तर दुसऱ्या राज्यात बदलून गेलेल्या ओळखीच्या शिक्षकाचा वर्ग शोधा. ५८ पत्रे एकाच पाकिटात जातात.

असा वाचक ठरला की लेखनाची अर्धी अडचण आपोआप सुटते. 'वी सेलिब्रेट पोळा' एवढे लिहून आता भागत नाही. पोळा म्हणजे काय ते सांगावे लागते : 'पोळा इज अ फेस्टिव्हल ऑन विच फार्मर्स वॉश अँड डेकोरेट देअर बुल्स.' 'विच' पाठ्यपुस्तकात वेगळा शिकवताना मुले जांभया देतात. इथे त्याच्यावाचून वाक्यच पुरे होत नाही.

तासांची वाटणी. ३५ मिनिटांचे आठ तास धरा. पहिल्या तासाला दोन नमुना पत्रे फळ्यावर किंवा झेरॉक्सवर द्या. एक ठोस असावे, दुसरे 'माय व्हिलेज इज व्हेरी ब्यूटिफुल' छापाचे. दुसरे पत्र वाचून त्या मुलाला काय कळले, एवढेच विचारा. दुसऱ्या तासापर्यंत मुलांनी घरून माहिती आणायची : तालुक्याचे अंतर, मुख्य पिके, आठवडी बाजाराचा वार, घरातल्या एका माणसाची दिवसभराची कामे. ही नोंद मराठीत किंवा वऱ्हाडीत असली तरी चालेल. तिसऱ्या तासाला वर्गाची मिळून शब्दपेढी करा. शब्द १२ ते १५. चाळीस शब्द दिले की मुले शब्द वापरण्यासाठी वाक्ये जुळवतात आणि सांगायचे राहून जाते. त्याच तासाला चार वाक्यसाचे द्या, उदाहरणार्थ 'माय व्हिलेज इज … किलोमीटर्स फ्रॉम …' आणि '… इज अ … विच …'. चौथा तास तोंडी. शेजाऱ्याला आपले पत्र बोलून दाखवायचे. ज्याला बोलता आले नाही त्याला लिहिताही येणार नाही, आणि हे इथे कळले तर अजून चार तास हातात असतात.

पाचव्या तासाला कच्चे लेखन. सुट्या कागदावर, एक ओळ सोडून, वर्गातच. हे घरी देऊ नका. बहुतेक प्रकल्प इथेच बिघडतात : कच्चे लेखन गृहपाठाला जाते, तिथे मोठी बहीण किंवा गाईड ते लिहून देते, आणि पुढचे तीन तास आपण दुसऱ्याचेच इंग्रजी तपासत बसतो. सहाव्या तासाला कागद शेजाऱ्याकडे. शेजाऱ्याने चुका शोधायच्या नाहीत. त्याने तीन प्रश्नांची उत्तरे समासात लिहायची : काय समजले नाही? कोणती गोष्ट आणखी सांगायला हवी? कोणते वाक्य आवडले? नववीच्या मुलाला दुसऱ्याच्या व्याकरणातली चूक ओळखता येईलच असे नाही, पुष्कळदा तो बरोबर असलेले चूक करतो. आपल्याला समजले नाही, हे मात्र कोणालाही सांगता येते. सातव्या तासाला तुमच्या खुणांसह कागद परत आणि पुनर्लेखन, आठव्याला सुवाच्य प्रत.

गुण दहा ठेवले, तर मजकुराला चार, मांडणीला दोन, ठरवलेल्या भाषिक मुद्द्याला तीन आणि सुवाच्यतेला एक. स्पेलिंगचे गुण कापायचे असतील तर शब्दपेढीतल्या शब्दांपुरतेच कापा, बाकी फक्त दुरुस्त करा. एवढी अट घातली की मुले नवा शब्द वापरायला घाबरत नाहीत.

एक धोका सांगून ठेवतो. पहिल्या प्रकल्पात साच्यांमुळे सगळी पत्रे सारखी दिसतील. ते चालवून घ्या. दुसऱ्या प्रकल्पात दोन साचे काढा, तिसऱ्यात सगळे. वर्षभर साचे तेच राहिले तर मुलांचे लेखन रिकाम्या जागा भरण्यापुरतेच राहते.

प्रश्न : माझा पोरगा नववीत आहे. त्याच्या इंग्रजीच्या वहीत पानभर चुका आहेत, पण सरांनी दोन-चारच ठिकाणी खुणा केल्या. बाकीचे तसेच सोडले. मास्तर पूर्ण वही काहून तपासत नाहीत?
— पालक, मानोरा तालुका, जि. वाशीम

उत्तर : भाऊ, आधी हिशेब पाहा. एका निबंधातली प्रत्येक चूक दुरुस्त करायला निदान चार मिनिटे लागतात. ६० मुलांचा वर्ग असेल तर २४० मिनिटे, म्हणजे एका वर्गाच्या एका निबंधाला चार तास. सरांकडे असे तीन-चार वर्ग असतात. ते चार तास कोणी काढले तरी उपयोग थोडाच होतो. लाल शाईने भरलेले पान मुलगा वाचत नाही, खालची सही पाहून पान उलटतो.

सर बहुधा ठरावीक एक-दोन चुकाच धरत असावेत. या पंधरवड्यात काळाची चूक, पुढच्या पंधरवड्यात एसची. हे मुद्दाम केलेले असते. समासात 'का' असेल तर त्या ओळीत काळ चुकला आहे, 'ए' असेल तर एस राहिला आहे, आणि चूक नेमकी कुठे ते मुलाने शोधायचे. शोधून केलेली दुरुस्ती डोक्यात राहते, आयती मिळालेली राहत नाही.

तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी घरी एक गोष्ट नक्की तपासता येते. पोराला म्हणा, 'पहिला लिहिलेला कागद आणि दुसऱ्यांदा लिहिलेला कागद शेजारी ठेव.' दोन्ही शब्दशः सारखेच असतील तर त्याने नुसते उतरवून काढले आहे. आणि दुसरा कागदच नसेल, तर ते शाळेत जाऊन सरांना विचारा.

प्रश्न : नियम विचारले तर मुले धडाधड सांगतात. लिहायला बसली की त्याच त्या चुका. कारण काय, आणि कोणत्या चुकीपासून सुरुवात करावी?
— शिक्षक, मेहकर तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : सर, यातल्या पुष्कळ चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल मराठीत किंवा वऱ्हाडीत बरोबर विचार करते आणि तो जसाच्या तसा इंग्रजीत ठेवते. चुकीचे मूळ कळले की उपाय लहान होतो.

'माय फादर गो टू द फिल्ड. दे वेक अप ॲट फाइव्ह.' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडते. बाबा 'जातात', 'उठतात', म्हणून मुलाने आदराचे अनेकवचन इंग्रजीत नेले. तपासायचे कसे? त्याच मुलाकडून आईवर पाच वाक्ये लिहून घ्या. आई 'जाते', 'उठते'. आईची वाक्ये बरोबर आणि बाबांची चूक असतील, तर आदराचा घोटाळा आहे. त्याला सांगा, इंग्रजीत आदर क्रियापदात नसतो, आणि बाबा, आजोबा, सरपंच, मुख्याध्यापक यांच्यावर दहा वाक्ये द्या. दोन्हीकडे एस सुटत असेल तर दुखणे वेगळे आहे, तिथे रोजच्या सरावाला पर्याय नाही. या दोन मुलांना एकच उपाय दिला की एकालाही लागू पडत नाही.

'आय हॅड गॉन टू बाजार यस्टरडे.' मराठीत 'काल बाजारात गेलो होतो' हे अगदी सहज आहे. इंग्रजीत 'हॅड गॉन'ला भूतकाळातली दुसरी घटना लागते, जिच्या आधी हे घडले. फळ्यावर आडवी रेघ मारा. तिच्यावर एकच ठिपका असेल तर 'वेंट', दोन असतील तर आधीच्या ठिपक्याला 'हॅड गॉन'. नववीपर्यंत एवढे पुरे.

'आय ॲम गोइंग टू स्कूल एव्हरी डे', 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स'. वऱ्हाडीत बोलताना 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' तोंडात सतत असते, आणि 'आहे' दिसले की 'ॲम' ओढले जाते. इथे क्रियापदाच्या मागे लागू नका, काळदर्शक शब्दाला धरा. 'एव्हरी डे', 'युज्वली', 'ऑन संडेज' दिसले की त्याखाली रेघ मारायची आणि आयएनजी खोडायचे. आयएनजी न घेणाऱ्या 'हॅव', 'नो', 'वॉन्ट', 'लाइक' या चार क्रियापदांची पट्टी भिंतीवर लावा. 'हॅव'ला मात्र त्याचा अर्थ जवळ असणे हा असेल, तेव्हाच आयएनजी नको.

'डिड नॉट वेंट' ही मात्र मराठीमुळे येणारी चूक नाही. भूतकाळ एकदाच दाखवायचा हे न ठसल्यामुळे ती होते. आठवड्यात जाते.

'अ', 'ॲन', 'द' शेवटी घ्या. मराठीला ही सवयच नाही, त्यामुळे बारा नियम पाठ करून हाती काही लागत नाही. गोष्ट लिहिताना पहिल्यांदा आलेल्याला 'अ', तोच पुन्हा आला की 'द', एवढेच नववीत पक्के करा.

आमचा क्रम असा : आधी आदराचे अनेकवचन आणि एस, मग भूतकाळ, मग आयएनजी. एका चुकीला पंधरा दिवस द्या. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे मुलांच्याच वह्यांतली तीन वाक्ये, नाव न सांगता, फळ्यावर घ्या. व्याकरणाच्या पुस्तकातली वाक्ये घेऊ नका, ती मुले बरोबर सोडवतात आणि आपली फसगत होते.

प्रश्न : माहितीच्या रूपांतराचा, म्हणजे तक्त्यावरून परिच्छेद लिहिण्याचा प्रश्न शिकवायला तेच तक्ते, तेच आलेख. शेतकऱ्यांच्या मुलांना धरून ठेवील असे काही आहे का?
— शिक्षक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : कीटकनाशकाचे लेबल घ्या. २०१७ साली तुमच्या जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, त्यामुळे हा विषय का घेतला हे कोणालाच समजावून सांगावे लागणार नाही.

लेबलवर चौकट तिरपी ठेवल्यासारखी आकृती असते आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे 'एक्स्ट्रीमली टॉक्सिक', पिवळा 'हायली', निळा 'मॉडरेटली', हिरवा 'स्लाइटली'. वरच्या भागात लाल आणि पिवळ्याला 'पॉयझन', निळ्याला 'डेंजर', हिरव्याला 'कॉशन' हा शब्द असतो. म्हणजे चार ओळींचे, तीन रकान्यांचे कोष्टक तयार मिळाले. मुलांनी आधी ते भरायचे, मग त्यावर ६० ते ८० शब्दांचा परिच्छेद लिहायचा. भाषेचे माप : तुलनेची निदान तीन वाक्ये, जसे 'अ येलो लेबल मीन्स मोअर डेंजर दॅन अ ब्लू वन.' पुढच्या टप्प्यात आज्ञार्थी सहा सूचना : 'वेअर ग्लव्हज', 'डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड', 'वॉश युअर हँड्स विथ सोप बिफोर यू ईट'.

बहुतेक मुले हिरवा रंग पाहून 'सेफ' लिहितील. तिथे थांबा. 'स्लाइटली टॉक्सिक' म्हणजेही विषारीच, आणि हा मुद्दा परिच्छेदात आला नाही तर मजकुराचे गुण देऊ नका.

एक सक्त सूचना. रिकामी बाटली, डबा किंवा पाकीट शाळेत आणायला सांगू नका. लेबलचा फोटो घ्या किंवा तुम्ही स्वतः कागदावर मोठे चित्र काढा. तयार सूचना मराठीत उतरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गावाला त्या इंग्रजीत नको आहेत.

प्रश्न : वर्गातली बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. त्यांना मराठीच जड जाते. इंग्रजी लेखनाचे प्रकल्प त्यांना झेपतील का?
— शिक्षिका, धारणी तालुका, जि. अमरावती

उत्तर : झेपतात, फक्त मराठीतून वळसा घालून जाऊ नका. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचे नाते नाही. वर मेहकरच्या सरांना सांगितलेली कारणे म्हणूनच तुमच्या वर्गाला लागू होणार नाहीत. चुकांची यादी तुम्हाला मुलांच्या वह्यांतूनच करावी लागेल.

चार-चारचे गट करा. विचार कोरकूत, आराखडा चित्रांत, लेखन इंग्रजीत. मोहफुले गोळा करण्याचे काम घ्या. पहाटे झाडाखाली जाणे, फुले वेचणे, टोपलीत भरणे, घरी आणणे, उन्हात वाळवणे, साठवणे अशा सहा चौकटी काढायच्या. प्रत्येकीखाली आधी एक इंग्रजी क्रियापद, मग एक वाक्य, शेवटी 'फर्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट', 'फायनली' जोडून परिच्छेद. सहा वाक्यांचा परिच्छेद स्वतःचा झाला, तर आठवीसाठी ते पुष्कळ आहे.

गटात चांगले मराठी येणारा एखादा मुलगा असतो आणि प्रत्येक वेळी तोच दुभाष्या होतो. बाकीचे तिघे गप्प बसतात. दर चौकटीला बोलणारा बदला. तुम्हाला कोरकू येत नसली तरी भिंतीवर मुलांकडून ३० वस्तूंचा कोरकू-इंग्रजी चित्रकोश करून घ्या, त्यात शिकवणारी मुलेच असतील. बोर्डाच्या पेपरातला भाषांतराचा प्रश्न माध्यमाच्या भाषेत, म्हणजे मराठीत सोडवायचा असतो. त्याची तयारी वेगळ्या तासाला करा, या प्रकल्पात कालवू नका.

प्रश्न : दिवाळीनंतर गावोगावी नाटके सुरू होतात. मुले रात्रभर जागतात आणि सकाळी वर्गात पेंगतात. त्या नाटकवेडाचा संवादलेखनाला उपयोग करता येईल का?
— शिक्षक, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : करता येईल, आणि तुमच्या भागातल्या मुलांना संवाद म्हणजे काय हे शहरातल्या मुलांपेक्षा जास्त कळते. झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातले नाटक पाहणाऱ्याला भांडणाशिवाय प्रवेश रंगत नाही हे ठाऊक असते. तरी तीच मुले वहीत काय लिहितात? 'हॅलो.' 'हॅलो.' 'हाऊ आर यू?' 'आय ॲम फाइन.' दहातल्या चार ओळी रामरामात जातात.

नियम करा : नमस्कार वर्ज्य, पहिली ओळ तंट्याची. 'व्हाय डिड यू सेल द बुल विदाउट आस्किंग मी?' प्रवेश मुलांचाच हवा, पाहिलेल्या नाटकातला उतरवायचा नाही. दोन पात्रे, १० ते १२ संवाद, एका संवादात १२ पेक्षा जास्त शब्द नकोत, निदान तीन प्रश्न, आणि एका ठिकाणी सभ्य नकार : 'आय डोन्ट थिंक दॅट इज राइट.' १२ शब्दांची मर्यादा महत्त्वाची. ती नसली की पात्रे भाषण देऊ लागतात.

सादर करताना पाठांतर नको. झाडीपट्टीत प्रॉम्प्टर असतोच, वर्गातही एक ठेवा. त्याला हळू पण स्पष्ट वाचावे लागते, म्हणून वाचनात मागे असलेल्या मुलाला आदल्या दिवशी सराव देऊन हे काम द्या.

दुसरा टप्पा बातमीचा. त्याच तंट्याची ६० शब्दांत बातमी लिहायची. 'ही आस्क्ड हिम व्हाय ही हॅड सोल्ड द बुल' इथे अप्रत्यक्ष कथन आपोआप येते. मुले 'व्हाय डिड ही सेल' असाच क्रम ठेवतात, त्यावर एक पूर्ण तास लागेल हे धरून चाला. पेंगणाऱ्यांसाठी एकच इलाज, हा प्रकल्प दुपारच्या तासाला ठेवा.

प्रश्न : प्रकल्प दिला की मोबाइलवरून केलेले लेखन येते. पकडावे कसे?
— शिक्षक, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : पकडण्यापेक्षा तशी सोयच ठेवू नका. कच्चे लेखन वर्गात आणि सुट्या कागदावर घेतले, तर निम्मा प्रश्न मिटतो. उरलेला विषयाच्या निवडीने मिटतो. 'माय फेव्हरिट फेस्टिव्हल' मोबाइल चुटकीसरशी लिहून देतो. तुमच्या गावच्या बाजारात या आठवड्यात वांग्याचा आणि कांद्याचा भाव दोन दुकानांत किती होता, आणि फरक का होता, हे मुलाला जाऊनच विचारावे लागते. त्या नोंदीचा कागद प्रकल्पाला जोडायचा, नोंद नाही तर गुण नाहीत.

शंका आलीच तर आरोप करू नका. समोर बसवून तोंडी विचारा : या वाक्याचा अर्थ काय? हा शब्द इथे का? स्वतः लिहिलेला मुलगा अडखळत का होईना सांगतो. आणि मोबाइलवर सरसकट बंदी घालू नका. स्वतःचे लिहून झाल्यावर त्याच मजकुराचे यंत्राने केलेले भाषांतर शेजारी ठेवून तीन फरक शोधणे हा दहावीला चांगला तास होतो. क्रम उलटला की मात्र मुलाचे स्वतःचे काही उरत नाही.

प्रश्न : सोयाबीनच्या सोंगणीला आणि कापूस वेचणीला मुले शाळेत येत नाहीत. आठ तासांचा प्रकल्प अर्ध्यात तुटतो. काय करावे?
— शिक्षिका, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : वेळापत्रक पिकाप्रमाणे करा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, म्हणून मोठा प्रकल्प जुलैच्या मध्यापासून पोळ्यापर्यंत संपवा. सप्टेंबरअखेर ते दिवाळी या काळात तीन तासांपेक्षा लांब काहीही घेऊ नका : एक सूचनाफलक, एक छोटी बातमी, एक संवाद. दुसरा मोठा प्रकल्प डिसेंबर-जानेवारीत. दहावीला जानेवारीनंतर नवे काही नको, तेव्हा ८० गुणांच्या पेपरचा आणि तोंडी परीक्षेचा सराव असतो.

प्रत्येक मुलाचे कागद शाळेतच, वर्गाच्या एका फाइलमध्ये ठेवा. घरी गेलेला कच्चा कागद वेचणीनंतर परत येत नाही. आठ दिवसांनी आलेल्या मुलाला सुटलेले सगळे करायला लावू नका. त्याने थेट कच्चे लेखन करावे, शब्दपेढी शेजाऱ्याची घ्यावी. आणि वेचणीला गेलेल्याकडे माहिती तयार असते : किलोमागे मजुरी किती, दिवसात किती किलो, वजन कोण करते. त्याचा परिच्छेद पुष्कळदा वर्गात सर्वांत ठोस निघतो.

प्रश्न : सर, पत्रात पत्ता डावीकडे लिहायचा की उजवीकडे? शिकवणीत एक सांगतात, शाळेत दुसरे.
— दहावीची विद्यार्थिनी, तिरोडा तालुका, जि. गोंदिया

उत्तर : शाळेत जी पद्धत घेतली आहे तीच ठेव. सगळे डावीकडून सुरू करणारी मांडणी सोपी, कारण मोजमाप करावे लागत नाही. दोन्ही पद्धती एकाच पत्रात मिसळू नकोस : पत्ता उजवीकडे आणि तारीख, सही डावीकडे, असे झाले की गुण जातात. डावीकडची मांडणी घेतलीस तर नव्या परिच्छेदाला आत सरकून सुरुवात करू नकोस, दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ सोड. आणि पत्ता लिहिण्यात पाच मिनिटे घालवू नकोस. प्रश्नात दिलेले सगळे मुद्दे मजकुरात आले का ते एकेक टिक करून बघ.